तपासणीचे पैसे घ्या

चष्म्याच्या दुकानांवरची ‘डोळ्यांची मोफत तपासणी’ ही पाटी उतरवायला हवी. मॉलमधल्या झगमगीत दुकानांनी उतरवावी, मोबाइलवरून चष्मे विकणाऱ्यांनी उतरवावी. पण माझा खरा आग्रह आहे तो पेठेतल्या, तालुक्याच्या बाजारपेठेतल्या, बापाकडून मुलाकडे आलेल्या स्वतंत्र दुकानांना. त्यांच्याविषयी मला आस्था आहे, आणि नेमकी तीच दुकानं आज अडचणीत आहेत. फ्रेम आता कुठेही मिळते, बहुतेकदा त्यांच्यापेक्षा स्वस्त. त्यांच्याकडे जे खास आहे ते म्हणजे मोजमाप, चेहऱ्यावर चष्मा बसवण्याचं कसब आणि गिऱ्हाइकासाठी दिलेला वेळ. हेच ते फुकट वाटतात. मग भाडं, विजेचं बिल आणि हाताखालच्या पोराचा पगार काढायचा कुठून? फ्रेमच्या किमतीतून आणि काचेवरच्या कोटिंगमधून. म्हणजे गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू विकल्याशिवाय त्यांचं घर चालत नाही, अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून तयार केली आहे.

मी मुद्रितशोधक आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या अवतीभवतीच्या प्रकाशकांची प्रुफं वाचण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली आणि अजूनही वाचते. वय ५८. उजव्या डोळ्याला मायनस साडेपाच, डाव्याला मायनस साडेचार, दोन्हींना थोडा सिलिंडर, आणि चाळिशीनंतर जवळचा नंबर वेगळा. चष्मा काढून वाचायचं तर कागद नाकापासून जेमतेम वीतभर अंतरावर धरावा लागतो, तोही एका डोळ्यासाठी एका ठिकाणी आणि दुसऱ्यासाठी दुसऱ्या. पहिली वेलांटी की दुसरी, पहिला उकार की दुसरा, रफार मागच्या अक्षरावर तर सरकला नाही ना, हा ठिपका अनुस्वाराचा की कागदाचा डाग, हे ज्याला दिवसभर बघायचं असतं त्याच्यासाठी चष्मा हे कामाचं हत्यार असतं. मी चष्म्याविषयी लिहिते आहे ती या बाजूने. तो मला कसा दिसतो हा प्रश्न मला गौण आहे, त्यातून मला काय दिसतं हा पहिला.

आता मोफत तपासणीत काय होतं ते पाहू. आपल्याला एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात. आत एक चित्र दिसतं, बहुधा रस्ता आणि त्याच्या टोकाला फुगा. चित्र धूसर होतं, स्पष्ट होतं, आणि खालून पावतीसारखी चिठ्ठी बाहेर येते. त्या चिठ्ठीवरचे आकडे म्हणजे आपला नंबर, अशी अनेकांची समजूत असते आणि घाईतला दुकानदार ती दूर करत नाही. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा आकडा हा तपासणीच्या सुरुवातीचा अंदाज आहे. त्यानंतर ट्रायल फ्रेम नाकावर चढवून, एकेक काच बदलत, ‘हे जास्त स्पष्ट की हे?’ असं विचारत नंबर पक्का करायचा असतो. सिलिंडरचा कोन पाच-दहा अंशांनी इकडेतिकडे करून बघायचा असतो. एक डोळा झाकून, मग दुसरा, मग दोन्ही मिळून. शेवटी ती जड फ्रेम घालून माणसाला दुकानाच्या दारापर्यंत चालवायचं, रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावायच्या, जमीन तिरकी वाटते का ते विचारायचं. हे नीट केलं तर वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. फुकटच्या कामाला वीस मिनिटं कोण देणार? देतात ते चांगुलपणाने देतात, आणि चांगुलपणावर दुकान किती दिवस चालेल?

नंबर निघाला तरी काम अर्धंच झालेलं असतं. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं राहतं. दुकानात त्याला पीडी म्हणतात. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. नाक चेहऱ्याच्या बरोबर मध्ये असतंच असं नाही, म्हणून ते दोन्ही बाजूंचं वेगवेगळं मोजलेलं बरं. माझं उजवीकडे ३० आणि डावीकडे ३१ आहे. काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर आला पाहिजे. तो बाजूला सरकला की काच प्रिझमसारखी वागायला लागते, समोरची वस्तू दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळ्या जागी दिसते, आणि ती एक करण्यासाठी डोळ्यांचे स्नायू सतत ओढून धरावे लागतात. याचा हिशेब सोपा आहे: नंबराला सरकलेल्या सेंटिमीटरने गुणायचं. माझ्या मायनस साडेपाचच्या काचेचा मध्य चारच मिलिमीटर सरकला तर २.२ प्रिझम होतो. नंबर अचूक, काच महागातली, आणि संध्याकाळी कपाळ ठणकतं ते यामुळे.

माझ्या भाचीने मोबाइलवरून चष्मा मागवला. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. नंबर साधा, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेतीन, फ्रेम तिला शोभणारी. पण दुपारनंतर डोकं दुखायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याचं खापर मोबाइलवर फोडलं. मी तिला आमच्या चष्मेवाल्यांकडे नेलं. त्यांनी तिचा नंबर लगेच तपासायला घेतला नाही. आधी चष्मा लेन्सोमीटरवर चढवला, दोन्ही काचांचे मध्य शोधले आणि यंत्राच्या खटक्याने तिथे शाईचे बारीक ठिपके उमटवले. मग पट्टी ठेवून मला दाखवलं: दोन ठिपक्यांमध्ये ६८ मिलिमीटर. तिच्या बाहुल्यांमधलं अंतर भरलं ५९. त्यांनी ते ठिपके पुसले नाहीत. तिला तसाच चष्मा घालायला लावून आरशासमोर उभं केलं. दोन्ही ठिपके बाहुल्यांच्या बाहेर कानांच्या बाजूला पडलेले तिला स्वतःला दिसले. दहा मिनिटांत दुखण्याचं कारण कळलं. या कामाचे त्यांनी एक रुपयाही घेतले नाहीत, वर काड्याही घट्ट करून दिल्या. मला ते खटकलं. ‘अहो, याचे पैसे सांगा,’ म्हटलं तर म्हणाले, ‘ताई, चष्मा आमचा नाही, मग पैसे कशाचे घ्यायचे?’

कशाचे म्हणजे काय, कळण्याचे! ब्लाऊज शिवायला टाकताना कापड आपलं असलं तरी मापाची आणि शिलाईची मजुरी आपण देतोच. चष्म्याच्या बाबतीत मात्र कापडाच्या किमतीतच शिलाई धरायची सवय लागली आहे, आणि म्हणून ज्याच्याकडे कापड स्वस्त तिकडे सगळे धावतात.

फ्रेमची निवड हाही मोजण्याचाच भाग आहे, आणि इथे आरसा फार कमी मदत करतो. कुठल्याही फ्रेमच्या काडीवर आतून तीन आकडे छापलेले असतात. ४६, १८, १४० असे. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. माझ्यासारख्या जाड नंबरवाल्याने पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करावी आणि ती आपल्या पीडीशी ताडून पाहावी. ४६ आणि १८ मिळून ६४, माझी पीडी ६१. म्हणजे काच प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर आत घ्यावी लागते, डोळा फ्रेमच्या जवळजवळ मध्यावर येतो, आणि कडा पातळ राहतात. हल्ली मोठ्या फ्रेमची चलती आहे. ५४ आणि १८ ची फ्रेम घेतली तर बेरीज ७२ होते, काच साडेपाच मिलिमीटर आत सरकवावी लागते आणि कानाकडची कड जाडजूड होते. मग ती पातळ करण्यासाठी १.६७ किंवा १.७४ अपवर्तनांकाची महागडी काच सुचवली जाते. फ्रेम आठ मिलिमीटर लहान घेतली असती तर हा खर्च बहुतेक वाचला असता. फ्रेम कमी किमतीची आणि लहान घ्या, असं सांगणारा दुकानदार स्वतःच्या पोटावर पाय आणतो. तो तपासणीवर जगत असता तर त्याला हे सांगणं परवडलं असतं.

मला असं सांगणारा माणूस मिळाला, ते म्हणजे हेच आमचे चष्मेवाले. पुण्यात अनेकांना मिळाला असेल, कारण अशी माणसं प्रत्येक पेठेत एखाददुसरी तरी होती आणि आहेत. साठी ओलांडलेले, वडिलांनी थाटलेलं दुकान चालवणारे. जिन्याखालचं दुकान, त्यात एक लांब काउंटर आणि मागे काचा घासायचं यंत्र. मी जवळचं नीट दिसत नाही म्हणून गेले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘ताई, वाचता म्हणजे काय वाचता, आणि कुठे बसून?’ मी पिशवीतून प्रुफांचा गठ्ठा काढला. ‘घरी धरता तसा धरा,’ म्हणाले. मी काउंटरवर कोपर टेकवून कागद धरला, आणि त्यांनी शिंप्याकडे असते तसली टेप घेऊन माझ्या डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं. बेचाळीस सेंटिमीटर. मग म्हणाले, ‘आता संगणक किती लांब असतो ते दाखवा.’ हवेतच हात धरून दाखवला: पासष्ट.

या दोन आकड्यांत माझं सगळं काम होतं. जवळच्या नंबराचा अर्थ अंतराशी बांधलेला असतो. चाळीस सेंटिमीटरवर स्पष्ट दिसायला लागणारी मदत आणि पासष्टवर लागणारी मदत यांत जवळजवळ एका नंबराचा फरक पडतो. तक्त्यावरची बारीक ओळ वाचता आली म्हणजे जवळचं काम झालं, असं मानून दिलेला चष्मा माझ्या टेबलावर निरुपयोगी ठरतो, कारण तो तक्ता मी हातात कुठे धरला होता ते कोणी विचारलेलंच नसतं.

त्यांनी मला प्रोग्रेसिव्ह घेऊ दिला नाही. प्रोग्रेसिव्ह ही उत्तम गोष्ट आहे. बेर्नार मेतनाझ या फ्रेंच अभियंत्याची ती काच १९५९ साली बाजारात आली, आणि बायफोकलच्या रेषेपासून जगभरच्या चाळिशीपारच्या माणसांची सुटका झाली. बाहेर वावरायला माझ्याकडेही ती आहे. पण तिच्यात वाचनाचा पट्टा अरुंद असतो, दोन्ही बाजूंना धूसर. ए-फोर कागदाची ओळ डावीकडून उजवीकडे वाचताना मान फिरवत राहावी लागते, आणि पाचशे पानांच्या पुस्तकात ती मान किती वेळा फिरेल याचा विचार करा. त्यांनी मला कामापुरता वेगळा चष्मा करून दिला. साधी डी बायफोकल. वरच्या भागात संगणकाचं अंतर, खालच्या भागात कागदाचं. उजव्या डोळ्याला वर मायनस सव्वाचार, खाली मायनस सव्वातीन. म्हणजे हा चष्मा घालून रस्त्यावर जायचं नाही हेही बजावून सांगितलं. काच सीआर-३९, म्हणजे सगळ्यात साधं प्लास्टिक. मी आपण होऊन पॉलिकार्बोनेट विचारलं, तर म्हणाले, मुलांना ते द्यावं, पडलं-आपटलं तरी सहसा फुटत नाही. पण त्यात काचेच्या कडेने पाहिलं की काळ्या अक्षराला रंगीत किनार दिसते, आणि तुमचं काम काळ्या अक्षरांचं आहे. प्रोग्रेसिव्हच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झालं. त्यांना त्यातून काय सुटलं असेल ते मी विचारलं नाही, पण अंदाज येतो.

चष्मा तयार झाल्यावरचं शेवटचं काम चेहऱ्यावर बसवण्याचं. ते बघत राहावं असं असतं. शेल फ्रेमची काडी गरम हवेवर धरून मऊ करायची आणि कानामागे नेमकी कुठे वाकवायची ते बोटाने चाचपून ठरवायचं. धातूची असेल तर बारीक पकडीने नोजपॅड आतबाहेर करायचे. आपल्याकडच्या पुष्कळ नाकांना वरचा उंचवटा कमी असतो, त्यामुळे परदेशी घडणीची फ्रेम घसरते. ती घसरली की बायफोकलची रेष खाली जाते आणि सगळं मोजमाप वाया जातं. पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने नोजपॅडच्या धातूवर हिरवा गंज धरतो, नाकावर डाग पडतात. तो साफ करून नवे पॅड घालायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं कुरियरने पाठवता येत नाहीत.

कोटिंगविषयी स्पष्ट बोलायला हवं, कारण मोफत तपासणीची वसुली मुख्यतः इथे होते. निळा प्रकाश अडवणारा ‘ब्लू कट’ घेतला नाही तर मोबाइलने डोळे खराब होतील, असं शाळकरी मुलांच्या आईबापांना सांगितलं जातं. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा अशा काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होत असेल असं त्यात दिसलं नाही. थकव्याची कारणं दुसरी असतात: पापण्या कमी लवणं, डोळे कोरडे पडणं, चुकलेलं अंतर, चुकलेला नंबर. प्रतिबिंब कमी करणारं ॲन्टी-ग्लेअर मात्र मी स्वतः घेते. ट्यूबलाइटखाली काम करणाऱ्याला त्याचा फरक कळतो. दुकानदाराने हा भेद गिऱ्हाइकाला करून दाखवावा, एवढीच अपेक्षा आहे. ब्लू कटच्या निळसर झाकेवर शंभर-दोनशे रुपये मिळवण्यापेक्षा ते तपासणीचे म्हणून सरळ मागावेत.

चष्मेवाला चांगला की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे: तो कोणाला परत पाठवतो. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे एकदा ज्ञानेश्वरी चष्म्याशिवाय वाचायला लागल्या. घरात आनंदीआनंद. म्हातारपणी दृष्टी परत आली, पुण्याई म्हणून कौतुक झालं, शेजारच्या बायका बघायला आल्या. लांबचं मात्र अंधुक झालं होतं, तेवढ्यासाठी नवा चष्मा करावा म्हणून त्यांना घेऊन गेलो. चष्मेवाल्यांनी नंबर काढला, लांबचा मायनस बराच वाढलेला दिसला, आणि त्यांनी चष्मा करायला नकार दिला. ‘आजी, हा चष्मा मी केला तर चार-सहा महिन्यांत फेकून द्यावा लागेल. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.’ मोतीबिंदू पिकत असताना डोळ्यातलं भिंग घट्ट होतं, त्याची ताकद वाढते, आणि म्हणून काही काळ जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. ती पुण्याई नव्हती, मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेची भीती महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या सर्जनांनी आणि गावोगावच्या शिबिरांनी पुष्कळ घालवली आहे, त्यामुळे सासूबाई लगेच तयार झाल्या. शस्त्रक्रियेनंतर महिना-दीड महिन्याने नंबर स्थिर झाल्यावर वाचनाचा चष्मा त्याच दुकानातून केला.

मधुमेह असलेल्यांचंही असंच. साखर वर-खाली होते तसा नंबरही हलतो. साखर तीनशेच्या घरात असताना काढलेला नंबर साखर उतरल्यावर लागू पडत नाही. जाणता चष्मेवाला ‘साखर आटोक्यात आणा आणि मग या’ असं सांगतो, आणि पडद्याची तपासणी वर्षातून एकदा डॉक्टरकडे करायलाही बजावतो. काचबिंदूत तर माणसाला बराच काळ काहीच जाणवत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते, आणि बाजूची नजर हळूहळू जात असते. चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो. डोळ्याचा दाब, पडदा, नस ही डॉक्टरची कामं आहेत. ‘मोफत डोळे तपासणी’ असं लिहून दुकानं नेमकी ही सीमारेषा पुसतात आणि माणूस समजतो, आपले डोळे तपासून झाले.

मुलांबाबत तर माझं मत आणखी कडक आहे. लहान मुलाच्या डोळ्यात जवळ बघण्याची ताकद इतकी असते की यंत्रात बघताना ते नकळत ती वापरतं आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघतो. म्हणून पहिला नंबर डॉक्टरकडे, डोळ्यांत थेंब घालून काढावा. एक डोळा आळशी राहिला असेल तर सात-आठ वर्षांच्या आत उपाय झालेला सगळ्यात बरा. मूल स्वतःहून तक्रार करत नाही, कारण दुसऱ्याला जास्त स्पष्ट दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. शाळेच्या आवारात मोफत शिबिर घेऊन, यंत्राच्या चिठ्ठीवरून चष्मे करून देणाऱ्यांना शाळांनी दारातच थांबवावं.

याचा अर्थ स्वस्त चष्मा वाईट, असा कोणी घेऊ नये. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत २०१७ साली एक प्रयोग झाला. चाळिशी ओलांडलेल्या साडेसातशे मजुरांपैकी, ज्यांत बहुसंख्य बायका, निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला. चष्मा मिळालेल्यांची चहाची खुडणी न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. लॅन्सेटच्या जागतिक आरोग्याच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. दोन्ही डोळ्यांना सारखा नंबर, सिलिंडर नाही, लांबचं चांगलं, अशा माणसाला बाजारातला तयार चष्मा उत्तम चालतो, आणि तांदूळ निवडणाऱ्या, सुईत दोरा ओवणाऱ्या, भाजीचा हिशेब लिहिणाऱ्या किती बायका त्याविना चाचपडत आहेत! सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, हे म्हणूनच चांगलं केलं. तयार चष्मा कोणाला पुरेल आणि कोणाला नाही, हे ठरवायलासुद्धा तपासणारा माणूस लागतो.

आणि आता ज्यांची बाजू मांडते आहे त्यांना दोन शब्द. लहान दुकान आहे म्हणून ते आपोआप चांगलं ठरत नाही. पीडी लिहून द्यायला सांगितली तर टाळाटाळ करणारी दुकानं पेठांमध्येही आहेत. कागद हातात दिला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही भीती. गेलं तर जाऊ द्या. माप त्याच्या डोळ्यांचं आहे, कागद त्याचा आहे. दुसरं, वडिलांच्या हाताखाली शिकलेलं कसब मोठं असलं तरी नंबर काढणाऱ्याचं शिक्षण काय, हे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. ऑप्टोमेट्रीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. आरोग्यसेवेतल्या अशा व्यावसायिकांसाठी २०२१ साली संसदेने जो आयोगाचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचाही समावेश आहे. पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा, शुल्क त्याच्या शेजारी लिहा. लोक डॉक्टरला देतात, पॅथॉलॉजीला देतात, तुम्हालाही देतील.

आमच्या चष्मेवाल्यांचा यावर विश्वास नव्हता. त्यांच्या मुलीचा होता. ती ऑप्टोमेट्री शिकून दुकानात बसायला लागली, आणि बापलेकीत या एका मुद्द्यावर बरेच दिवस वाद चालला. ‘पेठेत लोक डोळे तपासायचे पैसे देत नाहीत, ताई,’ हे ते मला ऐकवायचे. अखेर तिने काउंटरवर तक्ता लावला: तपासणी २५० रुपये, पीडीसह सगळा नंबर लिहून मिळेल, दुसरीकडे घेतलेला चष्मा बसवून देण्याचे १०० रुपये. सुरुवातीला काही जण जिन्यावरूनच परत फिरले. काहींनी घासाघीस केली. एक निवृत्त गृहस्थ तिच्याकडून अर्धा तास तपासून घेऊन, पैसे मोजून, कागद घडी करून खिशात घालून गेले आणि मुलाच्या मोबाइलवरून चष्मा मागवला. बापाला वाईट वाटलं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, माझं काम झालं, त्याचे पैसे मिळाले.’ पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ नवा चष्मा घेऊन आले, काडी कानामागे टोचते म्हणून. तिने लेन्सोमीटरवर काचांचे मध्य तपासले, ते तिने लिहून दिलेल्या मापाला बरोबर निघाले, काडी गरम करून वाकवली, आणि शंभर रुपयांची पावती फाडली.